बाराशे ठिपक्यांची पाटी

टॅब्लेटच्या पडद्याची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्राग शहरात फ्रीड्रिख राइनित्सर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासून बनवलेला एक पदार्थ त्यांनी तापवला, तर तो दोनदा वितळला! १४५.५ अंश सेल्सिअसला त्या घट्ट पदार्थाचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी नाहीसा होऊन नितळ द्रव उरला. बर्फ दोनदा वितळत नाही, मेणही नाही. मग हे काय प्रकरण? राइनित्सरांनी नमुने ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले. लेमानांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मधल्या अवस्थेतला तो गढूळ पदार्थ पाण्यासारखा वाहत होता, पण प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा. द्रवस्फटिक हाती लागला होता, फक्त त्याचे करायचे काय, हे उमगायला पुढे सत्तरेक वर्षे गेली.

आज दुकानातल्या बारा हजारांच्या टॅब्लेटमध्येही द्रवस्फटिकच असतो. काचेच्या दोन तावांच्या मध्ये, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतक्या फटीत तो भरलेला असतो. मागून पांढरा दिवा अखंड जळत असतो. पुढच्या काचेवर लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या सूक्ष्म खिडक्या. एकेका खिडकीला विजेचा इशारा मिळाला, की तिथले रेणू अंग वळवतात आणि प्रकाश वाट काढतो किंवा अडतो. चित्रपटात मध्यरात्रीचा काळाकुट्ट प्रसंग चालू असतो, तेव्हाही मागचा दिवा जळतच असतो. रेणूंनी फक्त वाट बंद केलेली असते. (द्रवस्फटिकाच्या, म्हणजे एलसीडी पडद्यावरचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत थोडा राखाडी दिसतो, तो यामुळेच.)

आता मोजदाद करू. १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण २३,०४,००० ठिपके. प्रत्येकाच्या तीन खिडक्या, म्हणजे ६९,१२,०००. प्रत्येक खिडकीला स्वतःचा ट्रान्झिस्टर, आणि हे सगळे सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने मांडले जाते. यातले पाच-पन्नास ट्रान्झिस्टर जरी कामचुकार निघाले, तरी तुम्ही दुकानदाराशी भांडाल.

गंमत अशी, की ही करामत महागड्या टॅब्लेटची मिरासदारी नाही. दहा ते वीस हजारांत मिळणारे जे टॅब्लेट आपण स्वस्त म्हणून बघतो, त्यातही ती अशीच्या अशी असते. किंमत खाली येते ती कंपनीने कुठे ना कुठे हात आखडता घेतल्यामुळे. कुठे घेतला, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नसते. ते ओळखता आले, की निवड बरीचशी झालीच.

पहिला आखडता हात ठिपक्यांवर पडतो आणि मराठी वाचणाऱ्याला तो सगळ्यात आधी जाणवतो.

अभ्यासाचे बहुतेक साहित्य आपल्याकडे ए४ पानाच्या पीडीएफमध्ये फिरते. सरावाच्या प्रश्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, एमपीएससीची टिपणे, शासनाचे निर्णय, सगळे तसेच. ए४ पान २१० मिलिमीटर रुंद. टॅब्लेट उभा धरला की हे पान पडद्याच्या रुंदीत बसते. आता स्वस्त टॅब्लेटचे सरळ दोन गट पडतात. एका गटात पडद्याच्या आखूड बाजूला ८०० ठिपके असतात, दुसऱ्यात १२००. पहिल्या गटात छापील पानाच्या एका मिलिमीटरला जेमतेम ३.८ ठिपके मिळतात, दुसऱ्यात ५.७. नोट्समधले अक्षर सहसा १२ पॉइंटचे, म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटरचे. वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत सगळे त्यात मावायला हवे. गुणाकार केला की पहिल्या गटात अक्षराच्या वाट्याला उंचीचे १६ ठिपके येतात, दुसऱ्यात २४.

सोळा ठिपके इंग्रजीला चालून जातात. इंग्रजी अक्षर ओळीवर सुटे उभे राहते. फार तर एखाद्याला वर दांडी, एखाद्याला खाली शेपूट. आपल्या लिपीचा संसार मोठा. ‘कर्तृत्व’ हा शब्द घ्या. त्यातल्या दुसऱ्या अक्षरात मध्ये त, शिरोरेषेच्या वर रफार आणि पायाशी ऋकार. सोळा ठिपक्यांतले चार-पाच वर गेले, तीन-चार खाली गेले, एक शिरोरेषेने घेतला. त बिचारा सात-आठ ठिपक्यांत उभा. ‘त्र्यंबक’मध्ये तर त, र आणि य एकाच जागी दाटीवाटीने बसलेले आणि डोक्यावर अनुस्वार. एवढ्या कमी ठिपक्यांत त्याचे गाठोडे होते. सॉफ्टवेअर आपल्या परीने मदत करते, कडेच्या ठिपक्यांना राखाडी छटा देऊन वळणाचा भास निर्माण करते. पण त्या भासाने ऱ्हस्व उकार आणि ऋकार यांतला फरक परत येत नाही. संस्कृतचा किंवा व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्याला हे परवडणारे नाही. चोवीस ठिपके मिळाले, की तोच ‘त्र्यंबक’ मोकळा श्वास घेतो.

इंचांवर विसंबू नका, ते इथे फसवतात. दहा इंची टॅब्लेट १२८० बाय ८०० ठिपक्यांचा असेल, तर आठ इंची टॅब्लेटपेक्षा पान मोठे दिसेल, पण अक्षराला ठिपके तेवढेच, सोळा. धूसर अक्षर फक्त मोठे होते. सॅमसंगने २०२३ साली आणलेली जोडी बघा, गॅलक्सी टॅब ए९ आणि ए९ प्लस. नावात एका शब्दाचा फरक. ए९चा पडदा ८.७ इंची आणि १३४० बाय ८००, तर प्लसचा ११ इंची आणि १९२० बाय १२००. पहिल्यावर ए४ पान ११३ मिलिमीटर रुंदीत कोंबले जाते, म्हणजे निम्म्याच्या जरा वर. दुसऱ्यावर ते १४८ मिलिमीटर रुंद दिसते, आणि हा आकडा ओळखीचा वाटत असेल, तर तो वाटायलाच हवा. ए४चा कागद मधोमध दुमडला की जो ए५ होतो, त्याची रुंदी नेमकी १४८ मिलिमीटर. उभ्या धरलेल्या अकरा इंची टॅब्लेटवर पान वाचणे म्हणजे झेरॉक्सवाल्याने एका पानावर दोन पाने काढून दिलेल्या नोट्स वाचणे. परीक्षेच्या आदल्या रात्री अर्ध्या महाराष्ट्राने तशा नोट्स वाचलेल्या आहेत, तेव्हा हे जमते, असे म्हणायला हरकत नाही.

टॅब्लेट आडवा केला की आणखी मजा. अकरा इंची पडदा आडवा २३७ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे ए४ कागदापेक्षाही जास्त. अर्ध्याहून थोडे कमी पान एका वेळी दिसते, पण मूळ छापाहून मोठ्या अक्षरात. चाळिशी लागलेल्या पालकांनी स्वतःसाठी टॅब्लेट घेताना हा उपाय लक्षात ठेवावा.

साहित्य कोणत्या जातीचे आहे, यावरही बरेच ठरते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर मजकूर म्हणून आहेत. तिथे अक्षर हवे तेवढे वाढवा, ओळी आपोआप नव्याने जुळतात, आठशे ठिपकेही पुरतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मात्र पानांच्या छायाचित्रांच्या रूपात वाचावे लागतात. १९७१ सालापासूनचा हा खजिना फुकट उपलब्ध आहे, आणि कुठल्याही मुलाला टॅब्लेट घेऊन देण्याला माझ्या मते तेवढे एक कारण पुरेसे आहे. पण छायाचित्रातले अक्षर फक्त ताणता येते, नव्याने मांडता येत नाही. तिथे बाराशेला पर्याय नाही.

पडद्याच्या आकाराबद्दल अजून एक गोष्ट, जी कळली तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन खात्री करून घेतली. पडद्याचे माप कर्णात सांगतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे अकरा इंची दोन पडदे सारखे मोठे असतीलच असे नाही. १६:१० प्रमाणाचा अकरा इंची पडदा २३७ बाय १४८ मिलिमीटर भरतो. ४:३ प्रमाणाचा अकरा इंची पडदा २२४ बाय १६८. दुसऱ्याचे क्षेत्रफळ जवळपास सात टक्के जास्त! चौरसाकडे जावे तसे त्याच कर्णात जास्त जागा मिळते. चित्रपट पाहताना दुसऱ्यावर रुंदी सुमारे १३ मिलिमीटरने कमी पडते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या जाड दिसतात. ए४ पान मात्र मूळ आकाराच्या ७० ऐवजी ८० टक्के दिसते. अभ्यास जास्त आणि सिनेमा कमी असेल, तर बुटका-रुंद टॅब्लेट निवडा. स्वस्तात तो क्वचित मिळतो, कारण जाहिरातीत लांबट पडद्यावरचा सिनेमा जास्त उठून दिसतो.

आता बोट. काचेला बोट लागले, हे काचेला कळते कसे? काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि तरीही विद्युतवाहक पदार्थाच्या रेघांची जाळी असते. रेघांमध्ये विद्युतभार साठलेला असतो. आपले शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ आले, की त्यातला अगदी नगण्य अंश बोटाकडे ओढला जातो आणि मोजणाऱ्या चिपला तेवढी चाहूल पुरते. जाळीतल्या रेघा काही मिलिमीटर अंतरावर असतात, तरी बोटाचे स्थान त्याहून कितीतरी बारकाईने कळते. शेजारशेजारच्या रेघांवर भार किती किती घटला, याची तुलना करून चिप मधला बिंदू काढते. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार संस्थेतले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ही कल्पना प्रसिद्ध केली, ती विमानांच्या वाहतूक नियंत्रकांसाठी. नखाने, सुक्या पेन्सिलीने किंवा हातमोज्याने पडदा दाद देत नाही आणि ओल्या हाताने वेड्यासारखा वागतो, त्याचेही उत्तर यातच आहे.

यावरून पेनचे गणित सुटते. रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारे रबरी टोकाचे पेन हे बोटाचेच सोंग आहे. टोक जाड, कारण जाळीला जाडच काहीतरी जाणवते. गणित सोडवणे, आकृत्या काढणे, पीडीएफवर टिपणे करणे याला ते निरुपयोगी. बारीक टोकाच्या पेनला एकतर स्वतः संकेत पाठवावा लागतो, किंवा पडद्यामागच्या वेगळ्या फलकातून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवर पेनमधले वेटोळे जागे व्हावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या पेनमध्ये बॅटरीच नसते, हवेतून वीज घेऊन ते लिहिते! जपानच्या वॅकॉम कंपनीने हे तंत्र रुळवले. पण यातले काहीही पडदा बनतानाच आत बसवावे लागते. टॅब्लेट पेनसाठी बनलेला नसेल, तर नंतर कितीही महाग पेन घ्या, काही होत नाही. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी घेताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

मुलांच्या हाती असली पाटी द्यायचे स्वप्न जुने आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या पालो अल्टो प्रयोगशाळेत ॲलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राचा आराखडा मांडला. सर्व वयांच्या मुलांसाठीचा हा वैयक्तिक संगणक वहीएवढा, चार पौंडांपेक्षा हलका आणि छापील पुस्तकाच्या तोडीची किमान चार हजार अक्षरे दाखवणारा असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. किमतीचे लक्ष्य ५०० डॉलर. तेव्हा संगणकाला खोली लागायची, त्यामुळे हे यंत्र पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीच्या पुढे गेले नाही. अडतीस वर्षांनी, २०१० मध्ये, पहिला आयपॅड बाजारात आला, तो ४९९ डॉलरला.

आपल्याकडचा प्रयोग त्याहून धाडसी होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर झाला. सरकारने तो सुमारे २,२७६ रुपयांना घेतला होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून कमी किमतीत द्यायचा होता. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा दाबाने चालणारा होता, बोटाच्या विद्युतभाराने नव्हे. त्यामुळे बोट फिरवायचे नाही, रोवायचे. मुले वैतागली, वर्तमानपत्रांनी टर उडवली. मग काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले, प्रा. दीपक फाटक यांनी धुरा घेतली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ आला. किंमत जवळपास तीच. पण पडदा आता बोटाच्या विद्युतभाराने चालणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट. तेरा महिन्यांत त्याच पैशांत एवढा पल्ला! आकाश योजना पुढे विझली. तिची हेटाळणी आजही होते, ती मला अन्यायाची वाटते. दोन-सव्वादोन हजारांत काय होते आणि काय होत नाही, याचा जाहीर धडा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

आकाशच काय, आजचा जवळजवळ प्रत्येक टॅब्लेट ज्या घराण्याच्या चिपवर चालतो, त्या एआरएमच्या जन्माची कथा तर सांगायलाच हवी. २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली पहिली चिप कारखान्यातून आली. फर्बरांनी ती पटावर बसवली, चालू केली, ती बरोबर चालली. किती वीज खाते हे पाहायला त्यांनी मापक जोडला. काटा शून्यावर! शोध घेता कळले, की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या तारांमधून संकेतांबरोबर जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती बिनतक्रार गणिते करत होती. सुमारे पंचवीस हजार ट्रान्झिस्टरांच्या त्या चिपची ही उपासाची सवय तिच्या वंशजांनी राखली, म्हणून टॅब्लेटला पंखा लागत नाही.

त्याच वंशाच्या नावाखाली आज थोडी चलाखी चालते. खोक्यावर ‘ऑक्टा-कोर’ लिहिलेले असते. आठ कोर खरे, पण कोणते? आठही कोर्टेक्स-ए५३ असतील, तर ती २०१२ साली जाहीर झालेली, काटकसरीची रचना आहे. व्हिडिओ चालेल, पण दोन-तीन ॲप एकदम उघडली की धाप लागेल. आठांपैकी दोन ए७६ असतील, तर जड कामाला दोन पैलवान आहेत असे समजा. चिपचे नाव शोधयंत्रात टाकले की ही यादी मिनिटभरात मिळते.

रॅमच्या बाबतीत एकच सांगतो. ‘४ जीबी + ४ जीबी’ असे लिहिलेले दिसले, तर खरी रॅम चारच. बाकीचे चार म्हणजे साठवणुकीतली जागा उसनी घेऊन केलेली सोय, आणि ती खऱ्या रॅमच्या तुलनेत फार संथ. खरी चार जीबी ही आज किमान पायरी धरा, सहा मिळाली तर उत्तम.

साठवणुकीचे जग मात्र अद्भुत आहे. वीज बंद केल्यावरही तुमचे धडे टॅब्लेटमध्ये राहतात, कारण ते विद्युतरोधकाच्या भिंतीआड कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असतात. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश स्मृती घडवली. स्वस्त टॅब्लेटमध्ये ती दोन प्रकारांनी येते. ईएमएमसी प्रकारात एका वेळी वाचणे किंवा लिहिणे, दोन्हींतले एकच होते. यूएफएसमध्ये दोन्ही एकाच वेळी. म्हणून ईएमएमसीच्या टॅब्लेटवर मागे एखादे ॲप अद्ययावत होत असले, की पुढचे पान उलटायला रडते. यूएफएस मिळाले तर घ्या. नाही मिळाले, तर ६४ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, कारण त्यातला मोठा घास यंत्रणाच खाते, आणि मेमरी कार्डची खाच आहे ना, ते बघा.

मनोरंजनासाठी घेणाऱ्याने एक शब्द लक्षात ठेवावा: वाइडवाइन. चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून ओटीटी कंपन्या चित्रपट कुलूपबंद करून पाठवतात, आणि बहुतेक अँड्रॉइड उपकरणांवर ते कुलूप गूगलच्या या यंत्रणेने उघडते. चिपच्या आतच एक बंदिस्त खोली असते, तिथे काय चालले आहे, ते खुद्द अँड्रॉइडलाही डोकावून बघता येत नाही. कुलूप त्या खोलीत उघडत असेल, तर टॅब्लेटला एल१ दर्जा मिळतो. बाहेर साध्या सॉफ्टवेअरने उघडत असेल, तर एल३. एल३ टॅब्लेटवर भरवसा नसल्यामुळे त्याला बहुतेक ठिकाणी जेमतेम ४८०पी चित्र दिले जाते. पडदा तेवीस लाख ठिपक्यांचा, आणि चित्र आले चार लाख ठिपक्यांचे! पैसे पूर्ण भरलेले, वर्गणी चालू, नेट वेगवान, आणि तरी चेहरे पुसट. दुकानात हे कळत नाही, कारण दुकानदार यूट्यूब लावून दाखवतो आणि तिथल्या साध्या व्हिडिओंना हे कुलूप नसतेच. नेटफ्लिक्सच्या ॲपमधल्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ असे एक पान आहे, तिथे एल१ की एल३, हे स्पष्ट लिहिलेले सापडते. अनोळखी कंपनीचा टॅब्लेट घेताना हे न पाहता पैसे देऊ नयेत.

बाकीच्या गोष्टी भराभर. कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका, ऑनलाइन वर्गापुरता पुढचा कॅमेरा पुरे. सिम कार्डाचा टॅब्लेट महाग पडतो, घरी वायफाय किंवा फोनचा हॉटस्पॉट असेल तर त्याची गरज नाही. स्पीकर दोन्ही आखूड बाजूंना असावेत, म्हणजे आडवा धरल्यावर आवाज दोन्हीकडून येतो. पडद्याचा ९० हर्ट्झ वेग सरकवताना छान वाटतो, चित्रपटाला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. बॅटरी सात-आठ हजार एमएएचची पुष्कळ झाली. सात हजारांची बॅटरी म्हणजे सुमारे २७ वॅट-तास. त्यावर टॅब्लेट दहा तास चालला, तर तो सरासरी तीन वॅटसुद्धा खात नाही. आपल्याकडचा तो जुना ‘झीरोचा बल्ब’ देखील प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खायचा.

आणि शेवटची काटकसर, जी पहिल्या दिवशी दिसतच नाही, ती अद्ययावतीकरणाची. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या फटी सापडत राहतात आणि त्या बुजवण्याचे काम कंपनीने वर्षानुवर्षे करायचे असते. यावर कंपनीचा पगारपाण्याचा खर्च होतो, म्हणून स्वस्त टॅब्लेटच्या बाबतीत ते लवकर थांबवले जाते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला आहे, की एखादे मॉडेल विक्रीतून गेल्यावरही निदान पाच वर्षे अद्ययावतीकरण द्यायचे. आपल्याला दुकानात तोंडानेच विचारावे लागते: सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत? उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर लेखी सापडले नाही, तर ते नाही असे समजावे. बँकेचे ॲप आणि मुलाचा अभ्यास एकाच टॅब्लेटवर चालणार असेल, तर हा मुद्दा रॅमपेक्षा वरचा.

माझा कौल विचाराल, तर पंधरा-वीस हजारांच्या घरात अकरा इंचांच्या आसपासचा, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा, खऱ्या चार किंवा सहा जीबी रॅमचा, एल१ दर्जाचा, वायफायवाला आणि ज्याच्या अपडेटचे साल लेखी मिळते असा टॅब्लेट घ्यावा. गणित-विज्ञानाच्या मुलासाठी त्यात पेनची सोय हवीच, मग इतर कशातही तडजोड करा. दहा हजारांच्या आत फक्त व्हिडिओ आणि वेबपाने बघायची असतील तरच उतरावे.

दुकानात जाताना मुलाच्या नोट्सची एक मराठी पीडीएफ फोनमध्ये घेऊन जा. काउंटरवरच्या टॅब्लेटवर ती पाठवा, टॅब्लेट उभा धरा, पान रुंदीला बसवा आणि बोटांनी न वाढवता वाचून बघा. मग पाठीवरचा किंवा सेटिंग्जमधला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते तपासा. दोन्ही जमले, की जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि घरी जा.